आराशीतले डिझेल इंजिन

लेक मार्केटच्या पायऱ्यांवर कैऱ्यांचे ढीग दिसू लागले की चैत्र आला असे समजायचे. बंगाली गिऱ्हाईक डाळीत घालायला दोन-चार कैऱ्या घेऊन जाते. मराठी बाई प्रत्येक कैरी नखाने टोचून बघते, कडक आणि आंबट तेवढ्याच निवडते आणि पिशवी भरून नेते. भाजीवाला दरवर्षी विचारतो, "लोणचं घालणार?" त्याला वाटली डाळ आणि पन्हे समजावून सांगण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. यंदाही पिशवी घरी आली, कैरी किसायला घेतली, आणि तो हिरवा, दात आंबवणारा वास स्वयंपाकघरभर झाला. बाहेर रस्त्यावरचे डांबर चपलांना चिकटत होते. गरियाहाटच्या बाजूने चैत्र सेलच्या आरोळ्या येत होत्या. सगळे नेहमीसारखे होते. त्या वासाबरोबर जी लाज दरवर्षी वर येते तीही नेहमीसारखी आली.

ती लाज आमच्या घराची आहे. ज्यांची होती ती माणसे गेली. तिला आता कुणी धनी नाही, तरी ती घर सोडत नाही.

पन्नासचे दशक संपत आले होते. शहराला तेव्हा कलकत्ता म्हणत. अप्पा, म्हणजे माझे वडील, केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात अधिकारी होते आणि बदली होऊन इथे आले होते. हाजरा रोडजवळ दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. घरात माणसे तीनच: अप्पा, आई आणि मी. अप्पा दिवसभर दुसऱ्यांनी केलेले हिशेब तपासत आणि संध्याकाळी हात धुऊन, खिडकीपाशी दिवा ओढून, रेल्वेचे इंजिन बनवायला बसत.

त्याला खेळणे म्हटलेले त्यांना चालत नसे. खऱ्या इंजिनाचा एक फूट म्हणजे त्यांच्या इंजिनाचे चार मिलिमीटर, आणि हे प्रमाण दिव्यापासून चाकापर्यंत कुठेही मोडायचे नाही. हा छंद कलकत्त्यात साहेबांच्या मागे उरला होता. साहेब गेले, त्यांचे छोटे रूळ राहिले. भवानीपूरचे वकील घोषबाबू यांनी मायदेशी परतणाऱ्या एका ज्यूट गिरणीच्या मॅनेजरकडून त्याची सगळी छोटी रेल्वे घेतली होती. घरी आणल्यावर त्यांच्या लक्षात आले की हे रूळ विलायती रुंदीचे आहेत, आपले नाहीत. त्यांनी ते सगळे उखडले आणि आपल्या ब्रॉडगेजच्या प्रमाणात, बावीस मिलिमीटर रुंदीवर, एकेक स्लीपर घालून नव्याने ठोकले. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत, ज्याला बंगाली लोक चिलेकोठा म्हणतात, हे रूळ चारी भिंतींच्या कडेने फिरत. पाच-सहा मंडळी रविवारी तिथे जमत. अप्पा त्यांतले एकटेच मराठी.

घोषबाबूंकडे गाड्या वेळापत्रकाने धावत. मर्जीने गाडी सोडायची नाही. पॅसेंजर, मेल, मालगाडी, प्रत्येकीची वेळ ठरलेली. वेळ झाली की घोषबाबू तारेने सिग्नल पाडत आणि गाडी निघे. ती सगळी इंजिने वाफेची होती, किंवा वाफेची असल्याचा आव आणणारी होती. अशा वेळी परदेशातून जहाजाने डिझेल इंजिने आली. खिदिरपूरच्या गोदीत क्रेन ती उतरवत असताना जी बघ्यांची गर्दी झाली होती तिच्यात अप्पा होते. घरी आले ते निराळेच दिसत होते. पुढच्या रविवारी चिलेकोठ्यात त्यांनी जाहीर केले की आपण हे इंजिन करणार.

परेरा म्हणून एक निवृत्त ड्रायव्हर तिथे येत असे. उभा जन्म त्याने भट्टीपुढे काढला होता. तो म्हणाला, "धुआँ नहीं, भट्टी नहीं, सीटी भी मोटरगाड़ी का माफिक. ये इंजिन है? ये तो बिस्कुट का डिब्बा है, बाबा!"

"बिस्कुट का डिब्बा ही खींचेगा तुम्हारा गाड़ी," घोषबाबू म्हणाले आणि अप्पांकडे वळले. "पोयला बैशाख को चलाएँगे. पक्का?"

"पक्का," अप्पा म्हणाले. पोयला बैशाख म्हणजे बंगाली वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी घोषबाबू घरोघरच्या मंडळींना बोलावून आपली रेल्वे दाखवत. अप्पांच्या डिझेलसाठी वेळापत्रकात एक मालगाडी घातली गेली.

मग वर्षभर अप्पा रविवारी सकाळी हावड्याला जाऊ लागले. फेरीने नदी ओलांडायची, यार्डावरच्या पादचारी पुलावर उभे राहायचे आणि डिझेल दिसेपर्यंत थांबायचे. फोटोत न दिसणारे जे असते ते डोळ्यांनी टिपायचे: शिंगासारखा भोंगा कुठे बसवला आहे, खिडकीची वरची कड किती गोल आहे. एकदा ते सियालदहलाही गेले. तिथले फलाट तेव्हा फलाट राहिले नव्हते. सीमेपलीकडून आलेली कुटुंबे तिथे राहत होती. चुली होत्या, दोरीवर वाळत घातलेली धोतरे होती, एक बाई रुळांकडे पाठ करून मुलीची वेणी घालत होती. अप्पांच्या खिशात मापाची टेप होती. ते तसेच परत आले आणि सियालदहला पुन्हा गेले नाहीत. हे त्यांनी घरी सांगितले ही चूक झाली, कारण आईला त्यानंतर बोलायला जागा मिळाली.

"तिकडे माणसांना डोक्यावर छप्पर नाही," आई म्हणायची, "आणि इकडे चाळिशीचा माणूस इंजिनाला छप्पर घालतोय."

अप्पा कानस चालवत राहत.

"पोरीची भातुकली संपली, आता यांची सुरू झाली," हे तिचे नेहमीचे वाक्य. ते विनोदाने सुरू झाले होते. पुढे त्यातला विनोद गेला. कुणी मराठी मंडळी भेटायला यायची असली की पितळेचा पत्रा, कातरी, पत्रा जोडायला डाग द्यायचे हत्यार, सगळे पलंगाखाली जाई. कुणी विचारलेच तर आई सांगे, "कचेरीचं काम घरी आणतात हो." अप्पा ते ऐकत आणि मान हलवत. ही लपवाछपवी दोघांनी कधी बसून ठरवली नव्हती.

तरी इंजिन वाढत होते. चांदनी बाजारातल्या लष्करी भंगारात अप्पांना विमानाच्या कुठल्याशा यंत्रातली अंगठ्याएवढी मोटर मिळाली होती. तिच्या भोवती त्यांनी पितळी सांगाडा उभा केला. चाके ओतून, कानशीने घासून गोल केली. रंगाचे हात इतके पातळ दिले की प्रत्येक हातानंतर तोच पत्रा जरा जास्त खरा वाटे. चैत्र लागला तेव्हा इंजिन पुरे झाले होते. लांबी बरोबर वीतभर. समोरचा दिवा लागत असे. अप्पांनी ते कपाटावर ठेवले आणि पोयला बैशाखची वाट बघू लागले.

चैत्रात आमच्याकडे गौर बसत असे. कलकत्त्यात मराठी घरे मोजकीच, माहेरे दूर, त्यामुळे चैत्रातल्या हळदीकुंकवाला फार महत्त्व. बायका ट्रामने, हातरिक्षाने शहराच्या टोकावरून येत. प्रत्येकीच्या घरी आरास, आणि आराशीत मुकाट्याने चाललेली चढाओढ. आमच्याकडे ट्रंका आणि पाट रचून, वर जरीच्या साड्या पसरून पायऱ्या केल्या होत्या. सगळ्यांत वर छोट्या झोपाळ्यात गौर. खाली कमळासारखे कापलेले कलिंगड, करंज्यांची ताटे, कृष्णनगरच्या मातीच्या बाहुल्या: माळीण, ढोलकीवाला, नवरी. मधली पायरी मात्र उघडी पडली होती. आई तिच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने खुर्ची घेतली, कपाटावरून इंजिन खाली काढले, पदराने पुसले आणि मधल्या पायरीवर ठेवले. जरा मागे जाऊन पाहिले. पुन्हा पुढे येऊन ते किंचित तिरपे केले, म्हणजे दारातून येणाऱ्याला समोरचा दिवा दिसावा.

तिने ते जागा भरायला ठेवले की त्याला जागा द्यावी म्हणून ठेवले, याचा निकाल आजवर लागलेला नाही. तिला कुणी विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, पन्ह्याचे पेले. आणि मग इंजिन.

"अगं बाई, चाकं फिरतात याची!"

"दिवा बघ, दिवा! आत इवलीशी खुर्चीसुद्धा आहे."

"म्हणजे यंदा गौर माहेरी आली ती डिझेलनं!" कुलकर्णीकाकू म्हणाल्या आणि घर हसण्याने भरून गेले. त्यांनी हसत हसत हळदीकुंकवाची बोटे इंजिनाच्या नाकाला लावली. आईही हसली. ते हसणे कोणत्या बाजूचे होते हे सांगणे कठीण आहे.

दुपारी वायव्येचे आकाश काळे झाले. कालबैशाखी म्हणतात ते चैत्र-वैशाखातले वादळ कलकत्त्यावर येते तेव्हा आधी वारा थांबतो आणि मग एकदम सगळ्या खिडक्या आपटतात. तशा त्या आपटल्या. पाऊस आडवा आला. ट्रामच्या तारा तुटल्या म्हणून कचेऱ्या लवकर सुटल्या असाव्यात. अप्पा बायका जाईपर्यंत बाहेरच थांबणार होते, पण आता त्यांना थांबायला जागा नव्हती. ते दारात येऊन उभे राहिले. विजारीचे पाय भिजलेले, बुटांतून पाणी. बायकांनी पदर सावरले. अप्पांची नजर आराशीवर गेली आणि मधल्या पायरीवर थांबली.

अप्पांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे माई म्हणत, त्या समोरच खुर्चीवर होत्या. साहेबही मराठी, आणि अप्पांची बढती त्यांच्याच हातात. पण माई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी वाकून इंजिन हातात घेतले. त्या म्हणाल्या, "काय बाई बारीक काम आहे! साहेब सांगत होते, तुम्ही रविवारी हावड्याच्या पुलावर उभे असता म्हणून. हे तुम्ही केलंत की काय?"

त्यांच्या बोलण्यात कौतुक होते. ते ऐकायला मात्र तिथे कुणी नव्हते. मागे दोघी तोंडाला पदर लावून हसल्या, तेवढे ऐकू आले.

"छे, छे," अप्पा म्हणाले. "न्यू मार्केटातून आणलं. हिच्यासाठी." त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"मुलीला आगगाडी?"

"हट्ट धरला होता."

माई माझ्याकडे वळल्या. "तुझी का गं ही? आमचा नातू आलाय दिल्लीहून, दिवसभर गाडी गाडी करत असतो. त्याला देशील?"

मी अप्पांकडे पाहिले. आईनेही पाहिले. अप्पांनी आमच्यापैकी कुणाकडेच पाहिले नाही. "देईल की," ते म्हणाले, "मोठी झाली ती आता. घेऊन जा, माई. खेळणंच आहे."

हे ते फार घाईने म्हणाले. प्रश्न पुढे वाढण्याआधी दार लावून घ्यावे तसे.

आईने माईंची ओटी भरली. भिजवलेले हरभरे, नारळ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले इंजिन. हळदीकुंकवाला आलेल्या सवाशिणीच्या ओटीत घातलेले परत मागता येत नाही. पाऊस ओसरल्यावर माई रिक्षात बसल्या. पुडके त्यांनी मांडीवर नीट धरले होते.

त्या संध्याकाळी घरात भांडण झाले नाही. "वाढू?" "वाढ." वाटली डाळ उरली होती, ती तिघांनी खाल्ली.

लाज कशाची, हे नीट मांडता येत नाही. सियालदहच्या फलाटाची होती का? थोडी असेल. ती लाज निदान चांगल्या जातीची म्हणता आली असती. पण अप्पा दारात ओले उभे होते तेव्हा त्यांना फलाट आठवला नसावा. हाच माणूस कचेरीत वरिष्ठांनी दबाव आणूनही आपला आक्षेप मागे घेत नसे. साहेबांच्या समोर उभा राहणारा माणूस पन्हे पिणाऱ्या दहा-बारा बायकांसमोर उभा राहू शकला नाही. आणि घरातल्या ज्या बाईने त्याला वर्षभर भातुकली म्हणून हिणवले, तिला त्या क्षणी त्याच्या बाजूने एक शब्द बोलता आला असता. तीही बोलली नाही. बोलणे म्हणजे 'कचेरीचं काम' खोटे होते हे कबूल करणे होते. एकाची लाज दुसऱ्याच्या लाजेला टेकू देऊन उभी होती. असे घर बाहेरून फार सभ्य दिसते.

दोन दिवसांनी आई मला घेऊन न्यू मार्केटात गेली. तिने किल्लीची टिनची आगगाडी विकत घेतली. लालभडक, तीन डब्यांची, सोबत घंटा. ती घेऊन आम्ही अलीपूरला साहेबांच्या बंगल्यावर गेलो. आईचा बेत मला ट्राममध्येच कळला होता. ही गाडी द्यायची, ती परत आणायची. मुलाला किल्लीचीच जास्त आवडणार.

व्हरांड्यात नातू इंजिनाला सुतळी बांधून सिमेंटच्या फरशीवरून ओढत होता. ती चाके रुळांसाठी घासलेली होती, फरशीसाठी नव्हती. त्यांचा आवाज दाताखाली खडा यावा तसा होता.

"याला किल्लीच नाही," त्याने तक्रार केली.

"म्हणून तर ही आणली," आई म्हणाली. "बाळ, तू ही घे, आणि ती..."

"अगं, कशाला त्रास घेतलास!" माई आतून आल्या. "बंडू, बघ, मावशीनं आणखी एक गाडी आणली! आता दोन झाल्या तुझ्या. नमस्कार कर."

बंडूने नमस्कार केला. आईचे तोंड एकदा उघडले. मग ती म्हणाली, "खडबडीत जमिनीवर ओढू नकोस हं, राजा." चहा घेऊन आम्ही परत आलो. येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि मैदानाच्या पलीकडे फोर्ट विल्यमच्या बाजूला कसलीशी कवायत चालली होती.

ते इंजिन पुन्हा कुणी पाहिले नाही. साहेबांची बदली झाली, सामान गेले. अप्पांनी नंतर दुसरे बनवले नाही. हत्यारे पलंगाखालीच राहिली, पाहुणे येणार नसले तरी. पुढे बढती मिळाली. ती त्या इंजिनामुळे मिळाली असे कुणी म्हणणार नाही, आणि म्हणाले तर ते खोडून काढायला घरात कुणाकडे काही नव्हते.

त्या वर्षीचा पोयला बैशाख मात्र यायचा तो आला. सकाळपासून रस्त्यावर नव्या कपड्यांचा खळीचा वास. आई चिलेकोठ्यात कधी आली नव्हती. त्या दिवशी "मी पण येते" म्हणाली आणि अप्पांनी कारण विचारले नाही. अप्पांचे हात रिकामे होते. त्या खोलीत ते रिकामे हात सगळ्यांना लगेच दिसले.

"कहाँ है तुम्हारा बिस्कुट का डिब्बा?" परेराने दारातच विचारले.

"रंग सूखा नहीं," अप्पा म्हणाले.

"इस गर्मी में?" परेरा हसला. घोषबाबू हसले नाहीत.

गाड्या सुरू झाल्या. पॅसेंजर गेली, मेल गेली. पाहुण्यांच्या बायका संदेश नावाची मिठाई खात कौतुक करत होत्या. मग अप्पांच्या मालगाडीची वेळ झाली. दुसरी कुठलीही गाडी सोडता आली असती. घोषबाबूंनी घड्याळाकडे पाहिले आणि तारेने सिग्नल पाडला. रूळ मोकळा. गाडी नाही. कुणाला वाटले गंमत आहे. कुणी हसले, मग थांबले. खोलीभर फिरलेला तो रिकामा रूळ सगळे बघत राहिले. पंख्याचा आवाज येत होता. अप्पांची मान खाली होती.

"रंग सूख गया था," आई म्हणाली.

तिचे हिंदी बाजारापुरते होते. सगळे तिच्याकडे वळले तशी ती घाबरली, पण थांबली नाही. "इंजिन पूरा हो गया था. हमने दे दिया. एक बच्चे को, खेलने को. हमको शरम आई, इसलिए. इनको भी, मेरे को भी."

"दिये दिलेन?" घोषबाबू बंगालीत पुटपुटले. देऊन टाकले?

परेराने एक खुर्ची पुढे ओढली, आई बसली नाही. मग त्याने विचारले, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती, "कैसा था, भाभी?"

आई सांगू लागली. बाजूची जाळी माझ्या चहाच्या गाळण्याची होती, मी गाळणे शोधत होते आणि यांनी सांगितले नाही. दाराचे दांडे माझ्या केसांच्या आकड्यांचे. काच जुन्या फोटोच्या निगेटिव्हची, धुऊन पांढरी केलेली. आतल्या खुर्चीला कातडे होते, कसले ते माहीत नाही. शब्द अडला की ती हातांनी दाखवत होती. माणसे ऐकत होती आणि रुळाकडे बघत होती. पायरी या शब्दापाशी तिचे हिंदी संपले. ती अप्पांकडे वळून मराठीत म्हणाली, "ती दाराखालची पायरी हो. जरा वाकडी होती ती."

"वाकडी नव्हती," अप्पा म्हणाले. मान अजून खालीच.

"होती. डावीकडची. रोज पुसताना बोटाला लागायची."

"मूळ इंजिनाचीच वाकडी आहे ती."

घोषबाबूंना काही कळले नाही. "की बोलछेन?" त्यांनी विचारले.

अप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. सगळ्यांना समजेल अशा भाषेत, एकेक शब्द सुटा करून, ते म्हणाले, "असली इंजिन का पायदान टेढ़ा है. जहाज से उतारते समय मुड़ गया था. मैंने वैसा ही बनाया."